पंचेचाळीसपर्यंतची रेघ

जालन्याच्या एमआयडीसीत, प्रयोगशाळेच्या गच्चीवर
ठिबकच्या नळ्यांचे तुकडे दक्षिणेकडे तोंड करून बांधलेत,
प्रत्येकाच्या गळ्यात जस्ताचा बिल्ला.
पलीकडच्या गच्चीवर कुरडया वाळतात.
त्यांचं दोन दिवसांत उरकतं.
माझं तिसरं वर्ष चालू आहे.

एवढं थांबायला कंपनीकडे वेळ नाही,
म्हणून खाली तीन भट्ट्या.
एकशे दहावर नळी सत्तावीस दिवसांत गेली,
शंभरावर त्रेपन्न,
नव्वदवर एकशे नऊ.
तीन टिंबं, एक रेघ,
आणि रेघ ओढत न्यायची कागदाच्या कोऱ्या भागातून
पंचेचाळीसपर्यंत, म्हणजे आपल्या मे महिन्यापर्यंत.
तिथं लिहायचं : तेरा वर्षं.

नळीत काजळीसोबत चिमूटभर औषध असतं.
ऊन आलं की ते पुढं होतं, आधी स्वतः खर्चतं.
तोवर नळी रोज तशीच.
वाकवली, वाकली. सोडली, सरळ.
चिमूट संपल्याचा आवाज होत नाही.
मग एखाद्या सोमवारी गजाभोवती गुंडाळताना
कट्
आणि मी वहीत तारीख टाकते.

कौसाबाई ढाकणे अंबडकडून आल्या, पोत्यात वेटोळं घेऊन.
"नसरीनताई, नवी घ्यायची का हीच चालंल?
थोरली बालवाडीत होती तवा आथरली.
आता ती नर्सिंगला हाय."
मी बोटांवर मोजलं. सोळा.
कंपनी हीच, मसाला हाच.
वाकवली.
वाकली.

एवढी वर्षं हिला कुठं ठेवली होती?
"कुठं म्हंजी? शिमग्याला कांदा निघला
की गुंडाळायची, चिंचंखाली. वरून पाचट.
मिरगाला पुन्हा रानात."
रोज पाणी पाजतो ती वस्तू
उन्हात कशाला टाकायची, असं तोंड करून
त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

माझ्या अहवालात एक रकाना आहे : वापराची परिस्थिती.
गेली आठ वर्षं मी तिथं लिहिते, सतत उघड्यावर.
भट्टीला शिमगा कळत नाही.
दार लावलं की नव्वद म्हणजे नव्वद,
रात्रीसुद्धा.

तुकडा मागितला तर म्हणाल्या,
"एक वीत घ्या. बाकीची लागती मला."
स्वतःच्याच वितीनं मोजून दिला.

एकशे दहाच्या भट्टीत, खालच्या कप्प्यात ठेवलाय.
बिल्ला नाही, सुतळी जळेल म्हणून तारेची गाठ.
आज अकरावा दिवस.
वाकतोय.