गोडं पाणी

समुद्र आमच्या गल्लीच्या टोकालाच आहे,
तरी दर जुलैत त्याच्याकडे पाठ करून
आम्ही चाळीस किलोमीटर आत येतो, तळ्यावर.
शेजारी हसायचे.
बाबा म्हणायचे, सुट्टीत कुणी कारखान्यात जातं का?

ग्दिनियाच्या गोदीत एकतीस वर्षं
त्यांनी जहाजांची पोटं सांधली.
कानाच्या पाळीवर ठिणग्यांचे बारीक डाग,
आणि खाऱ्या वाऱ्याबद्दल
बरं-वाईट एक अक्षर नाही.
तळ्यात मात्र पँट न दुमडताच शिरायचे,
ओंजळभर पाणी तोंडाशी न्यायचे,
वाण्याने मापात मारलंय का, हे बघावं तसे.
मग काठावरच्या आम्हाला ओरडून सांगायचे,
"गोडं आहे!"
दरवर्षी.

गेर्ट्रुडाबाईंनी वही उघडली.
त्यांच्या सासूने गाईंचं कुरण मोकळं करून
हा तळ सुरू केला,
आता मुलगा दगडांवर नंबर रंगवतो,
आणि बहिरा कुत्रा फाटकापाशी
प्रत्येक गाडीला उशिरा भुंकतो.
"सतरा नंबरच ना? किती जण?"
"चार," आई म्हणाली, सवयीने.
आम्ही तिघं उभे होतो:
आई, मी, आणि माझा सहा वर्षांचा वित.
बाईंनी चार लिहिलं.
पैसे तिघांचे घेतले.
गरम पाण्याची टोकनं मोजून दिली,
एक टोकन, पाच मिनिटं,
डोक्याला साबण आधी लावून ठेवा, म्हणाल्या.

तंबू जुना, नारिंगी, ताडपत्रीसारखा जड.
नळ्या अकरा.
कुठली कुठे बसते ते कागदावर कधीच नव्हतं,
बाबांच्या हातांत होतं.
तासाभराने जे उभं राहिलं
ते लंगड्या गाईसारखं एका अंगाला कललेलं.
अठरा नंबरचे दंतवैद्य हातोडी घेऊन आले,
सल्ले देत राहिले,
आणि जाताना आईच्या काकडीच्या लोणच्याची बरणी
काखेत मारून गेले.
गाय लंगडीच राहिली.

दोन पाइनच्या मधे बाबांनी दोरी बांधली होती,
मी विताएवढी असताना.
पुढच्या वर्षी लागेलच, म्हणून कधी सोडली नाही.
आता खोड तिच्यावरून वाढलंय,
सालीचे ओठ मिटलेत,
गाठ आत कुठेतरी.
"झाडाने खाल्ली?" वितने विचारलं.
मी काही बोलायच्या आत
आईने दोरीला दोन्ही हातांनी लटकून पाहिलं,
बासष्ट वर्षांची बाई, चपला जमिनीपासून वीतभर वर,
आणि खाली उतरून नुसती मान हलवली,
दुकानात कापड पसंत पडल्यासारखी.

रात्री वारा उत्तरेचा होता.
डासांची अगरबत्ती विझली,
वित झोपेत कुणाशी तरी भांडत होता,
आणि खूप लांबून, जंगलावरून,
जहाजाचा भोंगा आला.
इथवर तो ऐकू येतो हे मला माहीत नव्हतं.
आई अंधारात उठून बसली.
"डबा भरायचा राहिला," म्हणाली,
मग थोड्या वेळाने, "छे,"
आणि कूस बदलली.
तंबूची कललेली बाजू
माझ्या खांद्याला टेकून श्वास घेत राहिली.

सकाळी तळ्यावर वाफ होती.
वित बुटांसकट पाण्यात,
ओंजळ तोंडाशी.
त्याला हे कुणी शिकवलं?
मी तर नाही.
तो थुंकला. तोंड वाकडं केलं.
"गोडं कुठाय? चिखलासारखं लागतं!"

मी आईकडे बघायचं टाळलं.
फेब्रुवारीपासून तिच्यासमोर
आम्ही सगळेच असे भिंतीला धरून चालतो.
पण ती हसत होती.
पोट धरून, आवाज न करता,
शेजारचे झोपलेत म्हणून.

"तसंच लागतं," डोळे पुसत ती म्हणाली,
"पहिल्या वर्षीपासून."

मग वितचे ओले बूट घेऊन
ती दोरीकडे गेली.