बोटखातं

दारव्ह्याच्या कापूसबाजारात
भाव तोंडानं बोलत नसत.
सत्तर तर आहेच, म्हणायचे सगळे,
वरचं काय ते रुमालाखाली.

मी रुमाल धरायचो. अकरा वर्षांचा होतो.
झुंबरलाल दलालाच्या मागं छत्री, पानाचा डबा
आणि तो मांजरपाटाचा तुकडा, घामानं कडक झालेला,
कोपऱ्यात विलायती गिरणीचा छाप: एक हत्ती,
खाली दोन ओळी, आम्हा कुणालाच न वाचता येणाऱ्या.
खाली दोन हात, बिळातल्या घुशींसारखे.
वर दोन चेहरे,
बोंडअळीच्या, सोयरिकीच्या गोष्टी करत.

करंगळी त्याची जीनच्या पट्ट्यानं खाल्ली होती,
आदल्या हंगामात.
तेव्हापासून बाजाराला ठाऊक:
झुंबरलालचा आखा हात म्हणजे पाच.
लाडखेडचा गुणाजी पाटील जाणे,
कारंज्याचा हुंडीवाला जाणे,
पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणणारा
सिद्राम मापारी, तोही जाणे.
नसलेलं बोट सगळेच धरायचे.

मग जीनवाल्या कंपनीचा नवा साहेब आला,
खिशात लिव्हरपूलची तार.
रुमालाखाली झुंबरलालनं आखा हात दिला.
साहेबानं एकेक बोट चाचपलं,
दोनदा, नीट, परीक्षेच्या पोरासारखं.
चौऱ्याहत्तर, कारकुनाला म्हणाला.
लिहून झालं.

मला वाटलं, आता बोलेल.
म्हणेल, साहेब, एक तुमच्याच जीनमध्ये राह्यलं ना.
पण गाड्या रिकाम्या झाल्या होत्या,
बैल अडाणवर पाण्याला गेले होते,
आणि गुणाजीला तो पंच्याहत्तर सांगून बसला होता
पानाला चुना लावता लावता.
शब्द गेला की गेला.
त्यानं रुमालाची घडी घातली. मला दिली.

रात्री कंदिलापाशी वही.
त्रेचाळीस खंडी.
दलाली, खंडीला चार आणे:
दहा रुपये बारा आणे जमा.
त्रेचाळीस रुपये नावे.
कुणाच्या नावे?
बोरू बराच वेळ हवेत.
मग लिहिलं: बोटखातं.

साहेब खूश. या माणसाचा माल
जरा हलक्यात पडतो, म्हणे,
घ्यायचा तर याच्याकडूनच.
त्या हंगामात तीनदा आणखी
ते पान उघडलं.

पुढच्या वर्षी गाड्या आल्या,
गुणाजी जोत्यावर टेकला, काय निघाला, बापा?
झुंबरलालनं कात पुसत सांगितलं,
चौऱ्याहत्तर.
हुंडीवाल्याच्या हातात पाच,
लाडखेडच्या कानात चार.
गुणाजीनं मान हलवली. त्याला का माहीत नव्हतं
त्या हातात किती बोटं ते?
पण हात तर रुमालाखाली होता.

दोन हंगामांत खातं फिटलं.
झुंबरलालनं पानावर आडवी रेघ ओढली,
बोटानं शाई वाळवली.

सांगणं चारच राहिलं.

रुमाल मीच धरत होतो.