पाकिटाचा डिंक

सोहार बंदरामागे, दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर
रमजानातली दुपार.
मी ओळीत बसलेल्यांना सांगते :
मान खाली घाला, ओठ सैल सोडा,
गिळू नका,
पाच मिनिटं लाळ आपोआप नळीत गळू द्या.

लाजतात.
रक्त देताना कुणी लाजत नाही,
बाही सारून दंड पुढे करतात
फाटकावर पास दाखवावा तसा.
पण थुंकी? बाईमाणसासमोर?
जिच्यापायी लहानपणी फटके खाल्ले
ती आता कुणी बर्फात ठेवतंय,
वर नंबर चिकटवून.

हनीफ मापारी, क्रेनवरचा,
विचारतो, "रोजा तुटायचा नाही ना?"
डॉक्टर बद्रिया म्हणतात, गिळलं तर बोल, हे तर बाहेर टाकतोयस.
तो फरशीकडे बघत बसतो.
नळी कोरडी.
तोंडचं पाणी पळालं म्हणतात
ते असं, मोजून शून्य मिलिलिटर.

मला राहवलं नाही. हळूच म्हटलं,
"तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिकलं आठवा."
नळी भरली.
आणि शेऱ्यात मलाच लिहावं लागलं :
नमुना बाद, उद्या पुन्हा.

रात्री मशीन आकडे टाकत राहतं.
रक्तातला सीआरपी म्हणजे धूर,
तो गुडघ्याचा असेल, छातीचा असेल,
नुसत्या धुरावरून घर सापडत नाही.
थुंकी मात्र दारातच उभी असते.
तिच्यात तो एमएमपी-आठ,
हिरडीचे दाताला बांधलेले धागे
न बोलता उसवत बसलेला.
फॉर्मवर एक प्रश्न आहे : दुखतं का?
एकूण एक जणांनी लिहिलंय,
नाही.

अब्बाही हेच लिहायचे.
मत्रहच्या धक्क्यावर एकवीस वर्षं हमाली,
महिन्याला एक पत्र,
"इकडे सर्व खैरियत, काळजी करू नये."
दर दोन वर्षांनी दाभोळला उतरायचे
एकेक दात कमी घेऊन.
आम्ही पोरं बॅगा मोजायचो.
शेवटच्या खेपेला भाकरी
दुधात कुस्करून मागितली, तेव्हा
अम्मीने एकदाच वर पाहिलं.

त्यांची पाकिटं निडोच्या डब्यात होती.
एक मी इथे आणलंय, ड्रॉवरमध्ये असतं.
आत खैरियत लिहिलेली
आणि ते बंद करायला
पाकिटाच्या कडेवरून फिरवलेली जीभ.
कधी कधी ती तपकिरी कड
नखाने चाचपते.
बद्रियांना सांगितलं तर म्हणाल्या,
इतक्या वर्षांनी प्रथिनं टिकत नाहीत बहुतेक.
मग थोडं थांबून,
"कापून बघायचं?"
मी ड्रॉवर लोटला.
अब्बांनी जे लिहिलं नाही
ते मी उकरून काढू?
आणि नाहीच काही निघालं,
तर ते खरं धरायचं का?

ईदनंतर हनीफ आला, नवा शर्ट, अत्तर.
नंबर एक्केचाळीस. आकडा वरचा.
चार दाढा हलायच्या बेतात,
आत्ता उपचार केले तर राहतील.
विम्याचा कागद उलटसुलट वाचला :
दात उपटणं बसतं,
वाचवणं बसत नाही.
"मग उपटूच," तो म्हणाला,
"दुखत तर नाहीये."
त्याला समजावता समजावता
माझ्याच दाताच्या कण्या झाल्या.

शेवटी कंपनीला अर्ज करायचं ठरलं.
बद्रियांनी इंग्रजीत लिहिला,
त्याने खाली मराठीत सही केली,
मापारीतली वेलांटी लांब ओढून.
मी स्टेपलर शोधत होते.
तोवर त्याने पाकीट तोंडाशी नेलं,
जीभ या टोकापासून त्या टोकापर्यंत
सवयीने, सावकाश,
आणि ओठ उघडले तेवढ्यात दिसली
खालच्या हिरडीवरची
लाल रेघ.

"द्या पाठवून," म्हणाला,
"आणि घरून फोन आला तर
सांगा, सगळं बरं आहे."