राखीव रकाना

तिमाहीचा आराखडा मी पेन्सिलीनं करते.
शंतनू हसतो. म्हणतो, स्क्रीनवर काम करणारी बाई
आणि टेबलावर खोडरबराचा चुरा.

जुईनगरला, झेरॉक्सच्या दुकानावर आमची खोली.
खाली मशीन एकाच कागदाच्या शंभर प्रती काढतं,
वर मी एकाच महिन्याच्या तीस.

चार गिऱ्हाइकं, चार ओळी.
तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधले गाला शेठ, काजू-अंजीरवाले.
कोपरखैरण्याच्या डॉक्टर शर्वाणी: दाढ, कवळी, रूट कॅनल.
उलव्यात इमारत उभी करणारे मढवी बंधू.
आणि दिवाळ्याच्या यमुनाबाई तांडेल,
सोडे, जवळा, बोंबील, घरपोच,
शेजाऱ्याला वास जाणार नाही असे बांधून.

सगळ्यांना आकडा हवा असतो. एकच आणि पक्का.
मढवींचे धाकटे तर करारावर बोट ठेवून विचारतात,
रोज पंधराशे म्हणजे रोज पंधराशे ना?
मी म्हणते, पितृपक्षात फ्लॅटचं टोकन कोण देतं हो?
ते गप्प बसतात. मग, तरीपण
नाव दिसत राहिलं पाहिजे.
बरं. नाव दिसेल. शंभर रुपयांत दिसेल.
उरलेले चौदाशे मी घटस्थापनेपर्यंत दाबून ठेवते,
डाळीच्या डब्यात ठेवावेत तसे.

यमुनाबाईंना समजवावं लागलं नाही.
पहिल्याच दिवशी आलेखावरून बोट फिरवत म्हणाल्या,
हे तर उधाण न् भांग.
भांगाला पाणीच ओढत नाय,
तवा जाळं टाकून बसायचं नाय, फाटलेलं शिवायचं.
दोन कोर्सची फी भरून मी जे शिकले होते
ते सोड्यांच्या वासासकट टेबलावर येऊन पडलं.

तेव्हापासून प्रत्येकाच्या ओळीखाली
एक रकाना आखते. त्याला नाव नाही. फक्त राखीव.
शंभरातले वीस तिथे.
गाला शेठनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, हे कशाचे?
मी म्हटलं, मला अजून माहीत नाही त्याचे.
वाटलं, आता उठतील.
ते म्हणाले, गाळ्यात मी पण एक कोपरा रिकामा ठेवतो.
आणि चहा सांगितला.

तरी चुकलेच.
गटारीच्या आधीचे आठ दिवस
यमुनाबाईंची जाहिरात सैल सोडली,
आकडा चढताना बघत बसले, पतंग बघावा तशी.
दोनशे सहा ऑर्डरी. माल एकशे चाळीसांचा.
रात्री फोन आला: बंद कर गो पोरी ते,
मला हात दोनच हायेत.
सहासष्ट जणांना त्यांनी स्वतः फोन केले.
एकेकाला. मी नाही.
आराखड्यात मी खर्च कधी वाढवायचा ते लिहिलं होतं,
कुठे थांबायचं, ते लिहायचं राहून गेलं होतं.
त्या ओळीवर खोडरबर इतका चालवला
की कागद पलीकडून उजेड दाखवू लागला.

डॉक्टर शर्वाणींचे पैसे मी दुपारमधून काढले.
दुपारी माणसं दात विसरून जेवतात.
थोडे संध्याकाळला दिले,
थोडे, शंतनूच्या मते उगाच, मध्यरात्रीनंतरला.

आज दोन वाजून दहा मिनिटं.
झोप नाही म्हणून फोन उघडते.
एक क्लिक. कोपरखैरण्यात कुठेतरी. अठ्ठावीस रुपये.
कुणी गालाला तळहात लावून
दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं शोधत असेल.
लवंग चावून झाली असेल.
घरचे उठतील म्हणून दिवा लावला नसेल.

राखीवमधून दोनशे रुपये
मी रात्रीकडे सरकवते.
शंतनूला उद्या कारण सांगावं लागेल,
आणि रकान्यात लिहिण्यासारखं
ते अजून मला सुचलेलं नाही.