हे तर उघडच आहे

हुफूफमध्ये मी रिकाम्या खोलीला गणित शिकवतो.
समोर कॅमेरा, त्याच्या कपाळावर लाल ठिपका.
कोपऱ्यात रोमेल, कानांवर हेडफोन, मांडीवर डबा.
मुली पलीकडच्या इमारतीत;
मधे खजुराच्या दोन रांगा, एक पहारेकरी
आणि भुयारातून गेलेली केबल.
मी त्यांना दिसतो. त्या मला फक्त ऐकू येतात,
तेही दोन सेकंद उशिरा.

‘समजलं?’ विचारायचं आणि थांबायचं,
आडात दगड टाकून वाकून ऐकावं तसं.
मग माइकची खट्ट,
खुर्च्यांची सरकासरक, कुणाची तरी शिंक.

चेहरे नाहीत, तर आवाज पाठ झाले.
एक ‘सर’मधला र लांबवते
तेव्हा तिला काहीएक कळलेलं नसतं.
दोघी बरोब्बर एकाच वेळी बटण दाबतात,
मग दोघीही गप्प.
सत्तावीस नंबर मार्चपर्यंत बोललीच नव्हती.
हजेरीला नुसती खट्ट.

त्या मंगळवारी एक छेद एक्स.
फलकावर बोटानं आलेख ओढला, ताणला, मोठा केला;
शून्यापाशी तो पालीसारखा भिंत चढून गेला.
मग सिद्धता. बार्शीच्या कॉलेजपासून
एकोणीस वर्षं तोंडात घोळलेली:
एप्सिलॉन द्या, हा घ्या डेल्टा,
आणि एक्स हा ए-च्या अर्ध्याहून मोठा,
हे तर उघडच आहे.

खट्ट.
‘सर, उघड कसं?’
आवाज अनोळखी. घोगरा, जरा घाबरलेला.
‘एप्सिलॉन लहानच देतील, असं कुठे म्हटलंय?
मोठा दिला तर तुमचा डेल्टा शून्यापर्यंत पोचतो.’

मी फलकाकडे बघितलं.
रोमेलचा चमचा डब्यावरच थांबला.
पोचत होता. एकोणीस वर्षं रोज पोचत होता,
आणि मी मोजत होतो वह्यांचे समास.

ओळ पुसली. लिहिलं:
डेल्टा, किंवा ए-चं अर्ध, जे लहान असेल ते.
म्हटलं, बरोबर आहे तुमचं. नाव?
दोन सेकंद. मग आणखी दोन.
‘हनूफ. पण फलकावर नको, सर.’
मग मी ओळीच्या शेवटी नुसता २७ लिहिला
आणि भोवती गोल काढला.

तास संपल्यावर रोमेल म्हणाला, कापू का तेवढं?
मुलींकडचा आवाज टेपवर येत नाही,
तुम्ही उगाच गप्प उभे दिसता, अकरा सेकंद.
म्हटलं, असू दे.

यंदाची तुकडी तेच चित्रीकरण बघून आली.
पेपर तपासतोय. बाहेर चाळीस अंश, एसीला सर्दी झालेली.
सिद्धता बऱ्यापैकी. डेल्टा, ए-चं अर्ध, जे लहान ते,
आणि ओळीच्या शेवटी, एकीच्या नाही, नऊजणींच्या पेपरात,
गोलात २७.
एकीनं तर खाली रेघ ओढून विचारलंय:
सर, हा आकडा कुठून आला?
आम्ही लिहिला, पण सिद्ध करता आला नाही.

एक गुण कापायला पेन उचललं,
आणि तसंच धरून बसलोय.