पान अकरावे

मुजावर सरांना जुन्या बाजारात मिळालेली पानं
फ्रेमला आली आहेत. लांडगा, खोकड, कोल्हा,
आणि कोळसुंदा दोनदा.
लांडग्याची शेपटी वाळवीनं नेली.
कोल्हा बघून पोरगा म्हणाला, हा आपल्या गावचा.
त्याच्या वयात मलाही तसंच वाटायचं.

अकराव्या पानावरचा कोळसुंदा विलायतेत छापलेला,
दगडावरून, मग हातानं रंग भरून.
मागं एक टेकडी, ती पन्हाळा नव्हे.
एक ताडाचं झाड,
दाजीपूरच्या रानात असा ताड कुणी दाखवावा मला.
आणि जनावर असं उभं
की आता कुणीतरी 'बस' म्हणेल आणि ते बसेल.
गळ्यातला पट्टा तेवढा काढून घेतलाय.
खाली आमचाच शब्द, परक्या अक्षरांत अडखळलेला.
दोन दिवस मी त्या छापणाऱ्याला शिव्या घालत होतो.

मग दुसरा कागद पालथा केला.
देशी, जाड, खळ दिलेला. मागं मोडी.
मोडी मला येते, जमिनीची दफ्तरं वाचत शिकलो.

'गुरुवारी गाडीतून नर आणिला. मरून दोन रोज झालेले.
साहेब नाकास रुमाल धरून फितीने मोजीत होते,
नाक, कान, सुळे, शेपूट.
अंगास काव व थोडी हळद. शेपटीचा गोंडा काळा.
डोळे उघडे काढावे अशी आज्ञा.
मी पाहिले ते मिटलेले.
कसे होते, साहेबांसही ठाऊक नाही.
सबब घरच्या कुत्रीचे काढिले.
सटवाजी जिनगर, कसबे करवीर.'

म्हणजे पट्टा इथलाच.

ती उंबऱ्यात बसली असणार,
वासानं अंगावरचे केस उभे,
आत यायची हिंमत नाही, जायचीही नाही.
सटवाजी कुंचला ओला करून तिच्याकडं बघतोय,
ती त्या गाडीतल्याकडं.
तेच डोळे मग बोटीत बसून गेले,
दगडावर चढले,
किती प्रतींत, कुणाकुणाच्या कपाटात
आपल्याच गोताचं मढं बघत राहिले.

मी कोळसुंदे एकदा पाहिलेत.
राधानगरीच्या पुढं, पहाटे, मोटारसायकल बंद पडलेली.
आधी शीळ ऐकू आली. वाटलं, गुराखी असंल.
पाच जण रस्ता ओलांडून गेले,
सहावा थांबला. माझ्याकडं बघितलं,
चांगलं बघितलं.
परवापासून ते डोळे आठवायला बसतोय.
काव आठवते, काळा गोंडा आठवतो,
डोळ्यांच्या जागी
आमच्या गल्लीतली चंपी येते.

सर विचारतात, मागच्या बाजूलाही काच लावता येईल का?
येईल की.
खर्च दुप्पट होईल,
आणि भिंतीला टेकवून ठेवता येणार नाही.