तीनचा खेळ

इसाक शिकलगार, चाळीस वर्षं नाटकांचे सेट ठोकलेला,
आणि मी, संध्याकाळच्या वर्गात नाट्यशास्त्र शिकवणारा,
दोघे तीनच्या खेळाला. सांगलीत ऊन एवढं
की गार हवेसाठीच तिकीट काढलं म्हणा.

पडद्यावर मुलीच्या लग्नात बाप नाचतो,
फेटा डोळ्यांवर, आणि मांडवाच्या पायरीवरून धाडकन.
आख्खं थिएटर हसलं. मीही.
कुजबुजलो, "जी चूक कुणाला दुखत नाही, ते हास्य."
तो भडंग चावत होता, कुरुमकुरुम.

मध्यंतरानंतर तोच बाप, तीच पायरी,
मांडव अर्धा उतरवलेला, रात्र.
पुन्हा पडला. या वेळी
एक खुर्चीसुद्धा करकरली नाही.
"आता बघ," म्हटलं, "शोकांतिकेत नायकाच्या हातून
चूक व्हावी लागते. ती त्याला उशिरा कळते,
आणि आपल्याला भीती, कणव..."
"पायरी तीच की, सर," तो म्हणाला.
"मगाशी खाली धरायला माणसं हुती."

माझ्या वहीत हे नव्हतं.

बाहेर हळदीच्या वासाचं वारं.
पुरानंतर उंच केलेल्या पायरीवर त्याचा तोल गेला.
मी आधी दंड धरला, मग हसलो.
तो नाही हसला. उकिडवा बसला,
वितीनं पायरी मोजली, बोटं मोजली.
"नऊ इंच. सहाची पायजे.
नायकाची कसली चूक घेऊन बसलाय?
गवंड्याची हाय."